शीतनिद्रेनंतर कासवाचं नाक गळतंय: आधी ऊब, मग पाणी, मग औषध

माझ्याकडे हर्मन आणि रशियन जातीची जमिनीवरची कासवं बरीच वर्षं आहेत. दर वसंतात ओळखीतल्या कुणाचा ना कुणाचा फोन येतोच. "कासव झोपेतून उठलं, पण नाकातून पाणी येतंय. कुठलं औषध देऊ?" मी उलट विचारते, "आत्ता ते ठेवलंय तिथं तापमान किती आहे?" बहुतेकदा पलीकडे शांतता पसरते. म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहून ठेवतेय. औषध पुष्कळदा लागतं, पण त्याचा नंबर तिसरा. पहिला उबेचा, दुसरा पाण्याचा. गार पडलेल्या आणि आतून सुकलेल्या अंगात औषध गेलं तर ते धड पसरत नाही, आणि आधीच ताणाखाली असलेल्या मूत्रपिंडांवर त्याचा भार तेवढा पडतो.

हा आजार नेमका झोपेनंतरच डोकं वर का काढतो, ते समजून घेतलं की पुढचं सगळं आपोआप सुचत जातं. कासवाला अंगात स्वतःची ऊब तयार करता येत नाही. ५ अंशांच्या आसपास झोपलेल्या कासवाचं हृदय, पचन, श्वास सगळं मंदावतं आणि रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींची संख्याही उतरते. झोपायच्या आधी नाकात थोडाफार संसर्ग असेल, तर तो झोपेत बरा होत नाही, दबा धरून बसतो. महिनोन्‌महिने पाणी प्यायलेलं नसल्यामुळे रक्तात युरिया साठलेला असतो. उठताना यकृतातली साखर रक्तात उतरते आणि पहिल्या काही दिवसांची ताकद त्यावरच निघते. तेवढ्या काळात त्याला ऊब मिळाली, पाणी पोटात गेलं, खाणं सुरू झालं, तर गाडी रुळावर येते. नाहीतर ती साखर संपते आणि जंतूंना रान मोकळं मिळतं.

त्यात कासवाच्या फुप्फुसांची रचनाच अवघड. ती पाठीच्या कवचाला आतून चिकटलेली असतात, पोटातले बाकीचे अवयव त्यांच्याखाली. आपल्यासारखं श्वासपटल त्याला नाही. पाय आणि खांदे आत-बाहेर होतात त्यावर हवा खेळते. त्याला खोकता येत नाही, त्यामुळे छातीत उतरलेला कफ बाहेर पडायला वाटच नसते. शिवाय सरपटणाऱ्या प्राण्यांचा पू आपल्यासारखा पातळ नसतो, तो घट्ट होऊन त्याचे गोळे बनतात. म्हणून नाकावर आहे तोवरच आजार धरायचा. फुप्फुसात गेल्यावर लढाई फार लांबते.

काय बघायचं, काय ऐकायचं

कासवाला चांगल्या उजेडात, तुमच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवा आणि हात न लावता पाच-दहा मिनिटं नुसतं बघा. नाकपुडीच्या तोंडाशी एखादा बारीक बुडबुडा दिसेल. श्वास सोडताना तो फुगतो, घेताना बसतो, कधी फुटून नाकाखाली ओलसर चकाकी सोडतो. पाणी स्वच्छ आहे की पांढरट-पिवळं, पातळ आहे की चिकट, एका नाकपुडीतून येतंय की दोन्हींतून, हे लिहून ठेवा. मग पुढच्या पायांच्या आतल्या बाजूचे खवले बघा. कासव नाक पुढच्या पायाला पुसतं, त्यामुळे तिथं वाळलेल्या शेंबडाचा पापुद्रा धरलेला असतो. समोरून नाक कोरडं दिसत असतानाही हा पापुद्रा खरं काय ते सांगून जातो. जुनी सर्दी असेल तर नाकपुड्यांभोवतालची त्वचा फिकट पडते, कड झिजते, कधी नाकपुडीखाली घळ पडल्यासारखी दिसते. असं दिसलं तर हा आजार या वसंतातला नव्हे, हे पक्कं समजा.

आता कान द्या. कासवाने दचकून डोकं आत ओढलं की 'हिस्स' असा आवाज येतो. तो फुप्फुसातली हवा बाहेर पडल्याचा असतो, त्याची काळजी नको. गळ्याखालची कातडी सारखी हलते, ते वास घेणं आहे, त्याचीही काळजी नको. काळजीचा आवाज वेगळा: शांत बसलेलं असताना प्रत्येक श्वासाला बारीक शिट्टी, किंवा टिक-टिक, किंवा घरघर. असा आवाज येत असेल तर फोनवर व्हिडिओ करून ठेवा. डॉक्टरांसमोर कासव हमखास डोकं आत घेऊन गप्प बसतं आणि तो व्हिडिओच कामाला येतो.

पुढची लक्षणं दिसली तर घरी वाट बघायची नाही, त्याच दिवशी सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेल्या डॉक्टरांकडे जायचं. मान लांब करून, डोकं वर उचलून तोंड उघडं ठेवून श्वास घेणं. प्रत्येक श्वासाला पुढचे पाय भात्यासारखे हलणं. डोळे सुजून मिटलेले. पाय ओढले तरी प्रतिकार नाही, डोकं लोंबतंय. जिभेवर किंवा टाळ्यावर पिवळट-पांढरा थर, तोंडाला वास. तोंडातला हा थर मी सर्वांत गंभीर मानते, कारण तो कासवांच्या हर्पीसचा असू शकतो. हा विषाणू भूमध्यसागरी कासवांचे कळपच्या कळप नेतो, आणि वाचलेलं कासव तो जन्मभर बाळगतं.

कधी कधी कारण साधंही असतं. एकाच नाकपुडीतून पाणी येत असेल आणि कासव ती बाजू पायाने सारखी घासत असेल, तर गवताची काडी किंवा बी अडकलेलं असू शकतं. चिमटा घालून स्वतः ओढू नका, ते डॉक्टरांचं काम. पेटीच्या तळाला धुळकट, भुकटी होणारं काही अंथरलेलं असेल तरीही नाक गळतं. नुकतंच पाणी प्यायलेल्या कासवाच्या नाकातून थोडा वेळ थेंब येतात, ते अर्ध्या तासात थांबतात.

ऊब

नाकातलं पाणी स्वच्छ आहे, कासव डोळे उघडून चालतंय, तोंड बंद ठेवून श्वास घेतंय, असं असलं तरी पहिल्या तासापासून हे सुरू करा. डॉक्टरांची वेळ मिळेपर्यंतही हेच चालू ठेवायचं आहे.

कासवाला घरात, एकट्याला, मोठ्या खोक्यात किंवा लाकडी पेटीत ठेवा. तळाला साधा कागद. त्याची धूळ होत नाही, रोज बदलता येतो आणि लघवी कशी झाली ते दिसतं. एका टोकाला वरून उष्णतेचा दिवा, त्याच्याखाली कासवाच्या पाठीच्या उंचीवर ३२ ते ३५ अंश. दुसऱ्या टोकाला २६ अंशांच्या आसपास, म्हणजे त्याला नको वाटलं की बाजूला होता येतं. निरोगी हर्मन किंवा रशियन कासवाला रात्री तापमान बरंच उतरलेलं चालतं. आजारी कासवाला चालत नाही. रात्रीही २४-२५ च्या खाली जाऊ देऊ नका. त्यासाठी उजेड न देणारा सिरॅमिक हीटर आणि थर्मोस्टॅट वापरा. आजारी कासवाच्या घरी गेले की सर्वांत जास्त वेळा मला हीच चूक दिसते: दिवसा छान ऊब आणि रात्री दिवा बंद. दिवसभरात प्रतिकारशक्ती जेवढी जागी होते, तेवढी रात्रीत पुन्हा झोपी जाते.

थर्मामीटर भिंतीला लावून उपयोग नाही, कासव जिथं बसतं तिथं मोजा. खालून तापणारी गादी टाळा. निसर्गात त्याला ऊब वरून मिळते, पोटाखाली अति तापलं तर ते वेळेवर उठून जाईलच असं नाही, आणि खालचं कवच भाजतं. दिवसाचे बारा-तेरा तास उजेड, त्यात यूव्हीबी (उन्हात असतात तशा अतिनील) किरणांचा दिवा हवाच. त्याच्या उजेडाने कासव जागं राहतं, फिरतं, खातं.

एक गोष्ट बजावून सांगते. "थंडी अजून संपलेली नाही, थोडं झोपू दे परत" असा विचार करून आजारी कासवाला पुन्हा गारव्यात ठेवू नका. एकदा उठलं की उठलं. आता त्याच्याकडे दुसऱ्या झोपेपुरता साठा नाही.

पाणी

रोज एकदा कोमट पाण्यात बसवा. पाणी साधारण ३० अंश, मनगटावर ओतलं तर ना गरम ना गार लागेल असं. उंची हनुवटीच्या खालपर्यंत, म्हणजे मान थोडी उचलली की नाक मोकळं राहील एवढी. वीस ते तीस मिनिटं. पाणी गार झालं की बदला. जवळून हलू नका. थकलेल्या कासवाचं डोकं पाण्यात पडलं तर त्याला ते उचलता येईलच असं नाही.

पहिल्याच अंघोळीत बरीच कासवं मान पुढे टाकून, नाकापर्यंत तोंड बुडवून पितात. गळा संथ लयीत वर-खाली होत राहतो आणि बराच वेळ थांबत नाही. ते चालू असताना आवाज करू नका, हात लावू नका. मग लघवी होते, तिच्याबरोबर पांढरं युरेट, म्हणजे लघवीतला घट्ट भाग, पडतं. ते मऊ, पातळ असेल तर चांगलं. वाळूसारखं खरखरीत किंवा खडूसारखं घट्ट असेल तर शरीरात पाणी फार कमी आहे, आणि ही गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगायची. अंघोळीनंतर कवचाच्या कडा आणि पायांच्या घड्या पुसून लगेच दिव्याखाली. ओलं कासव वाऱ्यावर ठेवू नका.

खाण्याची घाई नको. आधी पाणी, मग भूक. निरोगी कासव उठल्यावर साधारण आठवड्याच्या आत खायला लागतं. समोर डँडेलियन, प्लँटेन (केळ नव्हे, त्याच नावाचं रानटी तण) अशी ताजी रुंद पानं आणि फुलं ठेवत राहा, फुलांच्या रंगाला कासवं लवकर भुलतात. नाक चोंदलंय म्हणजे वास येत नाही, आणि वास आला नाही तर कासव खात नाही. तेव्हा न खाणं हे हट्टाचं लक्षण समजू नका. गार किंवा सुकलेल्या कासवाच्या तोंडात जबरदस्तीने काही कोंबू नका. आठवडा उलटूनही तोंड लावलं नाही तर नळीने अन्न द्यायचं की नाही, ते डॉक्टर ठरवतील.

वजन दर आठवड्याला, ठरल्या वेळी, अंघोळीच्या आधी. अंघोळीत पोटभर पाणी प्यायलं की काटा फसवतो. झोपायच्या आधीच्या वजनातून १० टक्क्यांहून जास्त घटलं असेल, तर नाक कोरडं असलं तरी तपासून घ्या.

डॉक्टरांकडे

नेताना खोक्यात टॉवेलमध्ये गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली ठेवा. ताजी शी असेल तर डबीत घालून न्या, जंतांसाठी बघता येते. बरोबर वजनाची वही, झोपेचा काळ, झोपेतलं तापमान आणि तो व्हिडिओ.

चांगला डॉक्टर तोंड उघडून बघेल, नाकातलं किंवा तोंडातलं पाणी तपासायला घेईल, शक्य असेल तर रक्त, आणि छातीची शंका असेल तर एक्स-रे. एक्स-रेबद्दल एक गोष्ट माहीत असू द्या. नुसत्या वरून काढलेल्या फोटोत फुप्फुसं बाकीच्या अवयवांवर चढलेली दिसतात. न्यूमोनिया कळायला समोरून आणि बाजूने, आडवा किरण सोडून काढलेले फोटो लागतात. दोन्ही फुप्फुसांची शेजारी शेजारी तुलना समोरच्या फोटोतच होते. नम्रपणे विचारा, जाणकार डॉक्टरांना याचा राग येत नाही.

नाकातल्या पाण्याची तपासणी करून घ्या असं मी सगळ्यांना सांगते, कारण त्यावरून औषध बदलतं. या आजारामागे नेहमी आढळणारा एक जंतू म्हणजे मायकोप्लाझ्मा. अमेरिकेतल्या मोहावे वाळवंटातल्या कासवांच्या नाकाच्या आजाराला मायकोप्लाझ्मा अगासिझी कारणीभूत आहे हे १९९४ साली प्रयोगाने दाखवलं गेलं. या जीवाणूला पेशीभित्तिकाच नसते. त्यामुळे पेनिसिलिन आणि सेफ्टाझिडीमसारखी, जंतूची भिंत मोडणारी औषधं त्याच्यावर चालत नाहीत. त्याला दुसऱ्या घराण्यातलं औषध लागतं. उलट, फुप्फुसातल्या स्यूडोमोनाससारख्या जीवाणूंवर सेफ्टाझिडीम उत्तम चालतं. आणि हर्पीस असेल तर कुठलंच अँटिबायोटिक विषाणूला हात लावत नाही, फक्त मागून येणारे जीवाणू रोखतं. "मागच्या वेळी लागू पडलं होतं" म्हणून उरलेली बाटली काढणं किती निरर्थक आहे, ते यावरून लक्षात येईल.

दोन गोष्टी डॉक्टर नवखे असतील तर तुम्हीच विचारा. आयव्हरमेक्टिन कासवाला कधीही द्यायचं नाही. इतर प्राण्यांत जंतांवर सर्रास चालणारं हे औषध कासवाला लुळं करतं आणि मारतं. आणि अ जीवनसत्त्वाचं इंजेक्शन सुजलेले डोळे बघून अंदाजाने देऊ नये. जास्त झालं तर कातडी सोलून निघते.

घरी उपचार

अँटिबायोटिक बहुधा इंजेक्शननेच दिलं जातं, कारण आजारी कासवाच्या पोटातून औषध किती शोषलं जाईल याचा भरवसा नसतो. ते पुढच्या पायात देतात. मागच्या पायांकडचं रक्त हृदयाकडे परतताना वाटेत मूत्रपिंडांतून जाऊ शकतं, त्यामुळे तिथं दिलेलं औषध वाया जाण्याची किंवा मूत्रपिंडाला जाचण्याची भीती असते. सेफ्टाझिडीम कासवाच्या शरीरात खूप वेळ टिकतं, म्हणून ते रोज न देता साधारण तीन दिवसांतून एकदा असतं. भरलेल्या सिरिंज फ्रीजरमध्ये ठेवायला सांगतात, देताना तळहातात धरून वितळवायची. एनरोफ्लोक्सासिन हे दुसरं अँटिबायोटिक झोंबतं आणि त्या जागचं मांस खराब करू शकतं, ते कसं पातळ करायचं ते विचारून घ्या. पाय आलटून-पालटून वापरा आणि वहीत 'डावा', 'उजवा' लिहा. मात्रा वजनावर ठरते, ती डॉक्टरांचीच.

पाय कसा बाहेर काढायचा? ओढू नका. अंघोळीनंतर कासव सैल असतं, तेव्हा दुसऱ्या कुणीतरी कवच धरायचं, आपण पाय कोपराजवळ दोन बोटांत हलकेच धरून त्याने ओढणं सोडेपर्यंत थांबायचं. तेवढा धीर धरला की तो पाय स्वतःच ढिला होतो.

नेब्युलायझर सांगितला असेल तर झाकणाला भोकं पाडलेल्या पारदर्शक डब्यात कासव ठेवून सलाईनचं, किंवा डॉक्टरांनी दिलेल्या औषधाचं, बारीक धुकं पंधरा-वीस मिनिटं सोडायचं. हे धुकं गार असतं, म्हणून डबा उबदार खोलीत हवा. गरम पाण्याची वाफ देऊ नका. आपल्या सर्दीची मलमं, निलगिरी, कापूर, कसलंही सुगंधी तेल त्याच्या जवळपासही नको. नाकपुड्यांवरचा पापुद्रा मात्र ओल्या कापसाने दिवसातून एक-दोनदा भिजवून काढा. तेवढ्याने श्वास मोकळा होतो आणि कधी कधी त्याच संध्याकाळी कासव पानाला तोंड लावतं.

कासव बरं व्हायला आठवडे लागतात, न्यूमोनियात महिने. नाक कोरडं झालं म्हणून अर्ध्यात औषध थांबवलं तर आजार परत येतो, आणि दुसऱ्यांदा तेच औषध चालेल असं नाही. छातीत उतरलं असेल तर शेवटी पुन्हा एक्स-रे काढून घ्या.

घरातली बाकीची कासवं

आजारी कासव वेगळ्या खोलीत. त्याची पाण्याची थाळी, पुसायचं फडकं, अंघोळीचा टब वेगळा. त्याचं काम सगळ्यांत शेवटी करायचं, मग साबणाने हात धुवायचे. कासवांकडून माणसाला लागू शकणाऱ्या साल्मोनेला या पोटाच्या जंतूमुळे ही सवय माणसांसाठीही हवी. मायकोप्लाझ्मा नाकाला नाक लागून पसरतो आणि बरं दिसणारं कासवही तो वाहत राहू शकतं. म्हणून नवं कासव आणलं की निदान सहा महिने वेगळं ठेवा, आणि वेगवेगळ्या जाती एकत्र ठेवूच नका. एक जात जो जंतू सहज सोसते तो दुसरीला मारू शकतो. आणि कंटाळून आजारी कासव रानात सोडू नका. मोहावेतली कासवं १९९० साली धोक्यातली प्रजाती म्हणून जाहीर झाली, त्यामागच्या कारणांत हाच नाकाचा आजारही होता.

पुढचा हिवाळा

या वर्षी आजारी पडलेल्या कासवाला येत्या हिवाळ्यात झोपवू नका. (स्टार, लेपर्ड, सल्काटा, रेडफूट या जाती तर मुळात शीतनिद्रा घेतच नाहीत, त्यांना कधीच गार करायचं नसतं.) एक हिवाळा जागं राहिल्याने हर्मन किंवा रशियन कासवाचं काही बिघडत नाही. दिवस लहान होऊ लागले की ते सुस्त होतं, खाणं कमी करतं, तेव्हा त्याच्या कलाने घेऊन दिवा कमी केलात तर ते अर्धवट गार, अर्धवट जागं राहतं आणि साठा जळत राहतो. दिवस लहान व्हायच्या आधीच दिव्याला टायमर लावा: बारा तास उजेड, दिव्याखाली ३२ अंश, रोजची अंघोळ. त्यानंतरच्या वर्षी झोपवायचं ठरवलंत, तर निदान दीड महिना आधी डॉक्टरांकडून नाक, तोंड, वजन तपासून घ्या, आणि पुढच्या पायांच्या आतल्या खवल्यांवर पापुद्रा दिसला तर त्याही वर्षी त्याला जागंच ठेवा.